केडगावचा हिशेब

पुण्याहून दौंडकडे निघाले की लोणी, उरुळी, यवत अशी स्टेशने मागे टाकत पॅसेंजर केडगावला येते. बँकेत असताना शाखांच्या तपासणीसाठी या मार्गावर माझे पुष्कळ जाणे-येणे झाले. डब्यातल्या गप्पा उसाच्या, गुळाच्या, नाहीतर दौंडला पुढची गाडी मिळेल की नाही याच्या. केडगाव आले की एखादा वयस्कर उतारू खिडकीबाहेर हात करून सांगायचा, की इथे पंडिताबाईंचे मिशन आहे. एवढेच. पुढे कोणी विचारत नसे आणि त्यालाही फारसे माहीत नसे. पंडिता रमाबाई हे नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात एक उतारा, १९८९ साली निघालेले एक टपाल तिकीट आणि बाई ख्रिस्ती झाल्या होत्या ही कुठेतरी अवघडलेली आठवण.

मी या बाईंकडे वळलो तो धर्माच्या कुतूहलाने नव्हे. माझे आयुष्य आकड्यांत गेले. तारण काय, परतफेड कुठून, जामीन कोण, हे तीन प्रश्न विचारून मी कितीएक अर्ज बाजूला सारले असतील. अशा माणसाला केडगाव कोड्यासारखे वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या आवारात दीड ते दोन हजार मुली, बायका आणि मुले दोन वेळ जेवत होती. त्यांच्यामागे सरकार नव्हते, संस्थानिक नव्हते, ठरलेले उत्पन्नही नव्हते. चालक एक विधवा, तिला ऐकू कमी येई आणि ज्या समाजात ती जन्मली त्यातले बहुतेक दरवाजे तिला बंद झाले होते. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो नामंजूर केला असता.

त्यांचे बालपण अनेकदा सांगितले गेले आहे, तरी दोन गोष्टी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे शास्त्रसंपन्न ब्राह्मण. पत्नीला संस्कृत शिकवायचे असा त्यांचा हट्ट. त्यावरून त्यांना पंडितसभेपुढे उभे राहावे लागले आणि शेवटी ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात घर बांधून राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे घर सुटले आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. धाकट्या मुलीला आई पहाटे उठवून पाठ देई. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला तोंडपाठ झाले.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. १८७४ साली मद्रासेकडच्या भागात या कुटुंबावर उपासमारीची वेळ आली. भीक मागण्याची सवय नाही आणि मजुरी करण्याची तर शिकवणच नाही. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण गेली. श्रीनिवास आणि रमा ही दोन भावंडे उरली आणि देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरायला नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणून स्वतःला मानेपर्यंत पुरून घेऊन रात्री काढल्या. वाळू आणि भूक या दोन गोष्टी पुढे वीस वर्षांनी पुन्हा येणार आहेत, म्हणून लक्षात ठेवायच्या.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते जातीने ब्राह्मण नव्हते. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी मांडीवर मूल घेऊन ही बाई पुण्यात आली.

पुण्याने आधी तिला डोक्यावर घेतले. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्या वर्तुळात तिची व्याख्याने झाली, आर्य महिला समाज निघाला, स्त्रियांच्या शिक्षणावर तिने हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले. वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे मनात होते. ते बहिरेपणामुळे जमले नाही.

इंग्लंडमधल्या वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्या उतरल्या आणि तिथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे का झाले, यावर आपल्याकडे आजवर भरपूर शाई खर्च झाली आहे. परक्या देशात अवलंबून राहिलेली बाई, दुसरे काय करणार, असा एक सूर. तो मला पटत नाही. रमाबाईंनी स्वतः दिलेले कारण साधे आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले काम दाखवायला नेले. तिथे वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायका राहत होत्या आणि चांगल्या घरच्या भगिनी त्यांची बहिणींसारखी सेवा करत होत्या. अशा बायकांना पुन्हा माणसांत आणता येते, हे रमाबाईंनी आयुष्यात प्रथम पाहिले. त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत अशा स्त्रीला शिक्षा होती, परतीची वाट नव्हती. मग योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांनी वाचली. विहिरीवर पाणी भरायला आलेली ती बदनाम बाई, आणि तिच्याशी सन्मानाने बोलणारा येशू. तर्काची सारी चर्चा नंतर आली. आधी त्यांनी जखमेवर पट्टी बांधणारे हात पाहिले.

याच सुमारास एक काळीज चिरणारी घटना घडली. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी इंग्लंडमध्येच विष घेऊन जीव दिला. सोबतिणीला आपलाही धर्म बळाने बदलतील अशी भीती वाटली होती, असे सांगितले जाते. रमाबाईंच्या चरित्रातला हा कोपरा अंधारा आहे आणि तो तसाच दाखवायला हवा. एकीला जिथे मोकळी हवा मिळाली तिथे दुसरीचा श्वास कोंडला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून बाई मठाच्या मुठीत गेल्या असे मात्र झाले नाही. त्यांचा मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना मला हसू येई आणि धाकही वाटे. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, म्हणून त्या प्रश्नामागून प्रश्न विचारतात. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे विचारतात. अंडे घातलेला पदार्थ खात नाहीत. त्यांनी मुलग्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचवले, तेव्हा त्या चिडतात. येशू मान्य, पण येशूच्या नावाने इंग्लंडच्या चालीरीती गळ्यात बांधून घेणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. ज्योतिराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू घेतली, ती उगाच नव्हे.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि सुमारे तीन वर्षे तिथेच फिरल्या. विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, ते खपले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. अट अशी, की संस्था कोणत्याही पंथाची नसेल आणि धर्माची सक्ती होणार नाही. बँकवाल्याच्या भाषेत सांगायचे तर हे दहा वर्षे मुदतीचे, विशिष्ट कारणासाठी दिलेले साहाय्य होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे. सदनात जातीचे नियम पाळायची मोकळीक होती, ब्राह्मण मुलींसाठी वेगळा स्वयंपाक होता. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आले आणि भांडणालाही तिथेच तोंड फुटले.

झाले काय, तर रमाबाई पहाटे आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत. दार उघडे असे. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. सक्ती नव्हती. पण ज्या बाईने विधवेला केस राखू दिले, लिहायला शिकवले, प्रेमाने वाढले, ती बाई डोळे मिटून हात जोडते तेव्हा शेजारी कोण बसणार नाही? ‘केसरी’ने हे धर्मांतराचे जाळे आहे असे म्हटले. रमाबाईंचे म्हणणे, मी माझ्या घरात माझी प्रार्थना करते, दार का लावू? १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या प्रकरणात कोण बरोबर, हे मी अनेकदा स्वतःशी पडताळून पाहिले. कराराचे शब्द रमाबाईंनी मोडले नाहीत. पण त्या दाराचे उघडे असणे निर्हेतुक होते असे मला म्हणवत नाही. १८९१ च्या आसपास त्यांच्या श्रद्धेला नवी धार आली होती, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्याला जे मिळाले ते मुलींनाही मिळावे असे त्यांना मनापासून वाटू लागले होते. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर ज्या पालकांनी मुली नेल्या त्यांतल्या किती जणींना घरी नेऊन शिकवले? हा प्रश्न ‘केसरी’ने विचारल्याचे दिसत नाही. त्याचे उत्तर तीन वर्षांनी कर्व्यांनी दिले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. गोदूबाई त्यांच्या घरात होत्याच. शारदा सदनाला मिळालेल्या सगळ्या उत्तरांत हे एकच मला भारदस्त वाटते.

त्याच १८९६ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. सदनाच्या आर्थिक पायाची काळजी म्हणून रमाबाईंनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली होती. फळबाग करायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था उभी करायची, कारण बोस्टनची दहा वर्षे संपत आली होती. हिशेब चोख होता. दुष्काळाने तो उधळून लावला.

बातम्या वाचून त्या स्वतः निघाल्या. जे पाहिले ते त्यांना अनोळखी नव्हते. स्वतःच्या आईबापांना भुकेने मरताना पाहिलेली बाई होती ती. दुष्काळी कामांवर, गरिबांसाठी उघडलेल्या आवारांत हाडांचे सापळे झालेल्या मुली बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती त्यांना मूठभर दाण्यांवर उचलून नेणारे दलाल घिरट्या घालत होते. रमाबाईंनी मुली गोळा करून आगगाडीने पाठवायला सुरुवात केली. १८९७ मध्ये ही संख्या सुमारे तीनशेवर गेली. पुण्यात प्लेग होता, नवी माणसे शहरात आणायला मनाई झाली. मग केडगावच्या मोकळ्या रानात तंबू आणि झोपड्या टाकून मुलींना ठेवले. त्याच प्लेगच्या धामधुमीत सदनातली एक मुलगी सरकारी व्यवस्थेत हरवली, तेव्हा रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून प्लेग रुग्णालयातल्या बायकांच्या हालांबद्दल सरकारला जाब विचारला. सरकारने ते साफ नाकारले. बाई ख्रिस्ती म्हणजे बाई सरकारची, असे समजणाऱ्या तेव्हाच्या पुणेकरांना हे पत्र जरा अडचणीचेच गेले असेल.

आता या कहाणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग येतो, आणि तो चरित्रग्रंथांत घाईने उरकला जातो. भुकेने मोडलेले माणूस बरे कसे करायचे?

एकदम पोटभर जेवण दिले तर असे माणूस मरते. थोडे थोडे, पातळ, वेळेवर द्यावे लागते. केसांत उवा, अंगावर फोड, तोंड आलेले, पोट बिघडलेले. पुष्कळ मुली आल्यानंतर काही दिवसांतच वारल्या. ज्या जगल्या त्या अन्न लपवून ठेवत, कारण उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. खोटे बोलत, चोऱ्या करत, मारामाऱ्या करत. जनावरासारखे राहावे लागले की माणूस तसे वागू लागते, त्याला नीतीचे व्याख्यान देऊन उपयोग नसतो. रमाबाईंनी या मुली शारदा सदनातल्या जुन्या मुलींच्या हाती सोपवल्या. म्हणजे पाहा, काल-परवापर्यंत स्वतःच्या घरात अपशकुनी ठरलेली, कोणाच्या समोर न येणारी ब्राह्मण विधवा आता कोणत्या जातीची हे ठाऊक नसलेल्या पोरीचे फोड धूत होती. यात बरे कोण होत होते? पोर तर होतच होती. पण आपला कोणाला तरी उपयोग आहे हे त्या विधवेला आयुष्यात पहिल्यांदा कळत होते. आजकाल मनाच्या दुखण्यांवर उपचार करणारे लोक हीच गोष्ट मोठ्या शास्त्रीय शब्दांत सांगतात.

आणि मग काम. केडगावला अक्षरे सर्वांना, पण हातालाही धंदा हवाच. विणकाम, शिवण, तेलघाणी, गुरे, भाजीपाला, धोबीकाम, बेकरी आणि छापखाना. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे बायका करत. आंधळ्या मुलींसाठी वेगळे घर होते. मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती आणि तिने ब्रेल लिपी आणली, या मुली बोटांनी वाचू लागल्या. टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन होते. फुलहॅममध्ये पाहिलेले चित्र सोळा वर्षांनी पुण्याच्या दुष्काळी पट्ट्यात उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि शेकडो मुली तिकडूनही आल्या. वसाहतीचे नाव मुक्ती.

पैसा? बोस्टनची मुदत संपली, तेव्हा १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला जाऊन आल्या आणि तिथल्या मंडळींनी शारदा सदनापुरती मदत चालू ठेवली. मुक्तीचा भार मात्र कोणाच्याही खात्यावर नव्हता. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर नावाच्या गृहस्थाने वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ सांभाळले होते. त्याचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि त्याच वाटेने जायचे ठरवले होते. देणग्या येत, परदेशातून येत, लहान रकमांनी येत. कधी तिजोरीत काही नसे आणि कधी त्याच दिवशी मनिऑर्डर येई. याला श्रद्धाळू माणूस चमत्कार म्हणेल. मी चमत्कार म्हणणार नाही. मी एवढेच म्हणेन, की रमाबाई खर्चाचा तपशील जाहीर करत, मुलींच्या हातचे काम दाखवत आणि स्वतः जाडेभरडे पांढरे पातळ नेसून, भाजीभाकरी खाऊन राहत. देणाऱ्याचा विश्वास बसायला याहून चांगले तारण मी नोकरीतल्या इतक्या वर्षांत पाहिले नाही.

१९०५ साली जे घडले ते सांगताना माझ्यासारख्याची जीभ जराशी अडखळते. वेल्समध्ये धर्मजागृतीची लाट आल्याच्या बातम्या येत होत्या. रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट केले, आधी सत्तर जणींचा, पुढे तो कितीतरी पटींनी वाढला. जूनच्या अखेरीस एके रात्रीपासून मुली रडू लागल्या, मोठ्याने आपली पापे बोलून दाखवू लागल्या, तासन्‌तास गुडघ्यांवर राहू लागल्या. वर्ग बंद पडले. पुढच्या काळात काही जणी अनोळखी भाषांत बोलल्या असेही नोंदले गेले. जगातल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे आज केडगावचे नाव तिच्या उगमस्थानांत घेतात. काही मिशनऱ्यांना हा प्रकार मुळीच रुचला नाही, त्यांनी याला उन्माद म्हटले.

उन्माद म्हणणे सोपे आहे. पण कोण होत्या या मुली? कोणी आईला रस्त्यावर सोडून आलेली, कोणी धाकट्या भावाच्या वाटची भाकरी खाल्लेली, कोणी दलालाच्या घरून सुटलेली. सात-आठ वर्षे त्यांनी पोटाची आग विझवली, धंदे शिकल्या, अक्षरे गिरवली. आत जे साचले होते ते कोणाशी बोलल्या होत्या? आपल्याकडे अंगात येते, पोतराज आसूड ओढतो, वारीत माणसे धाय मोकलून रडतात. साचलेले बाहेर यायला काही वाट लागते. केडगावच्या मुलींना ती वाट प्रार्थनेच्या दालनात सापडली. रमाबाईंनी ती अडवली नाही. स्वतः त्या शास्त्राच्या बाई, तर्काने भांडणाऱ्या. अनोळखी भाषेत त्या बोलल्याचे कोणी सांगत नाही. तरी त्यांनी मुलींना आपल्या पद्धतीने रडू दिले, हसू दिले आणि टीका करणाऱ्यांना सांगितले, की हिंदी मुलींना हिंदी मुलींसारखीच भक्ती करू द्या.

पण शंका राहतेच. आसरा आणि श्रद्धा एकाच ताटात वाढली, की भुकेल्याने निवड केली असे कसे म्हणायचे? दहा वर्षांच्या मुलीपुढे एकीकडे रस्ता आणि दुसरीकडे ही माउली. ती माउलीचाच देव घेणार. रमाबाई याला फसवणूक मानत नव्हत्या, त्यांच्या दृष्टीने त्या आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे देत होत्या. आपल्या समाजाने मात्र ही तक्रार करताना खालचा सूर लावावा. तो रस्ता त्या मुलींसाठी आपणच उघडा ठेवला होता.

शेवटची पंधरा-अठरा वर्षे त्यांनी एका वेगळ्याच कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचे मराठी भाषांतर करू लागल्या. मराठी बायबल होतेच. पण त्यातले संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या बाईला समजत नाहीत आणि त्या शब्दांना जुन्या दर्शनांचा वास आहे, हे दोन आक्षेप त्यांना होते. गंमत पाहा. कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली बाई उतारवयात आपल्या लेखणीतून एकेक संस्कृत शब्द वेचून बाहेर टाकत होती. त्याच काळात नगरला नारायण वामन टिळक नेमके उलटे करत होते. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण ज्ञानोबा-तुकोबांचे बोट त्यांनी सोडले नाही, ख्रिस्ताला त्यांनी अभंगात बसवले. टिळकांची पदे आजही मराठी चर्चमध्ये गातात. रमाबाईंचे भाषांतर फारसे वाचले जात नाही, कारण शब्द सोपे झाले तरी वाक्य अवघड राहिले. वाङ्मयाचा वाचक म्हणून माझे मत टिळकांच्या बाजूने पडते. पण तीस-चाळीस अक्षरओळखीच्या बायका समोर बसवून एका ग्रंथाचा प्रत्येक शब्द त्यांना कळेल का, हे तपासत जाणारी म्हातारी मला त्याहून विसरता येत नाही.

मनोरमेबद्दल थोडे सांगायला हवे. आईचे सगळे प्रयोग या मुलीवर आधी झाले. तान्हेपणी बाप गेला, दोन वर्षांची असताना इंग्लंड, मग आईपासून दूर मठातल्या भगिनींकडे, तिने कोणत्या पद्धतीची ख्रिस्ती व्हावे यावर आई आणि भगिनी यांचे पत्रांतून भांडण. पुढे अमेरिकेत शाळा. ती पदवीधर झाली, शारदा सदनाची मुख्य झाली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. तिने कधी तक्रार केल्याचे कुठे दिसत नाही. थोरांच्या मुलांना तक्रारीची मुभा नसते. मुक्तीचा कारभार तिच्या हाती द्यायचा हे ठरलेलेच होते. २४ जुलै १९२१ रोजी ती वारली. चाळीस वर्षांची होती.

रमाबाईंना तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. मुलगी गेल्यावरही त्या मुद्रिते तपासत राहिल्या. एवढे काम पुरे होईपर्यंत आयुष्य दे, अशी त्यांनी प्रार्थना केली होती आणि शेवटचे मुद्रित हातावेगळे झाल्यावरच त्या गेल्या, असे केडगावात सांगतात. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. त्यांना केडगावलाच मूठमाती दिली.

बायबल १९२४ साली पुरे बाहेर आले. खिळे जुळवले, कागद दाबले, फर्मे मोडले आणि बांधणी केली ती तिथल्याच बायकांनी. त्यांतल्या कितीजणी पंचवीस वर्षांपूर्वी आगगाडीतून उतरताना हातातली भाकरी लुगड्याच्या पदराखाली लपवत होत्या.